राजकीय सहभाग आणि भावना

मतदान, मोर्चा, वर्गणी, सभा अशा कामांसाठी माणसाला घराबाहेर काढणाऱ्या किंवा घरीच बसवणाऱ्या भावनांचा विचार राज्यशास्त्र व मानसशास्त्र एकत्रितपणे करतात. एका मताने निकाल क्वचितच फिरतो, त्यामुळे निव्वळ नफातोटा पाहिला तर न गेलेलेच बरे. विल्यम रायकर व पीटर ऑर्डेशूक या राज्यशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये या हिशेबात कर्तव्य बजावल्याचे समाधान धरले, तेव्हा कुठे तो जुळला. भावना मागच्या दाराने आत आली ती अशी.

भावना किती तीव्र आहे यापेक्षा ती कोणती आहे, यावर बरेच ठरते. जॉर्ज मार्कस, रसेल न्यूमन व मायकेल मॅक्युएन यांच्या २००० सालच्या मांडणीनुसार उत्साहाने जुन्या निष्ठा पक्क्या होतात, तर काळजीने सवय मोडते: माणूस माहिती शोधू लागतो, प्रसंगी स्वतःच्या पक्षाबद्दलही फेरविचार करतो. राग यायला मात्र कोणीतरी दोषी दिसावा लागतो, आणि आपल्या हातात काही आहे असे वाटावे लागते. वेळ व पैसा मागणाऱ्या कामांकडे वळवण्यात राग हा काळजी व उत्साह यांच्या पुढे असतो, असे निकोलस व्हॅलेंटिनो व सहकाऱ्यांना अमेरिकेत आढळले (२०११).

‘पाणी दूषित आहे’ एवढेच छापलेले पत्रक धास्ती भरवते. ‘तपासणीचा अहवाल दाबून ठेवला’ ही ओळ आली की चीड येते. ‘सुनावणी सोमवारी अकराला, हरकत लेखी द्या’ ही तिसरी ओळ नसेल, तर ती चीड चार लोकांत बोलण्यावारी जाते. बहुतेक पत्रके इथेच फसतात. उपाय न सांगता नुसती भीती घातली, तर वाचणारा विषयच टाळतो.

लाजेचा जोर किती, हे अ‍ॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन व ख्रिस्तोफर लॅरिमर यांच्या प्रयोगात दिसले. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक निवडणुकीआधी (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाआधी) काही घरांना पत्र गेले. त्यात घरच्यांनी व शेजाऱ्यांनी मागे मतदान केले होते की नाही याचा तक्ता होता, आणि निवडणुकीनंतर नवा तक्ता पाठवू अशी तंबीही. पत्र न मिळालेल्यांत मतदान २९.७ टक्के झाले, या गटात ३७.८ टक्के. केवळ नागरी कर्तव्याची आठवण देणाऱ्या पत्राने ते ३१.५ टक्क्यांवरच राहिले. मात्र शेजाऱ्यांसमोर उघडे पाडणाऱ्या तक्त्याच्या पत्राने माणूस दुखावतो व पाठवणाऱ्यावर उखडतो. म्हणून ‘मागे मतदान केल्याबद्दल आभार’ हा सौम्य मजकूरही वापरला जातो.

मोजमाप हा या विषयातला सर्वांत कच्चा दुवा. राग आणि भीती बहुधा एकदमच चढतात, त्यामुळे सर्वेक्षणात त्यांची फारकत करणे अवघड जाते. मोर्च्याहून परतलेल्याला ‘राग किती होता?’ असे विचारले, तर मोर्च्यातच चढलेला रागही तो उत्तरात धरतो. प्रयोगशाळेत जुना प्रसंग लिहायला लावून राग आणता येतो, पण तो थोड्याच वेळात ओसरतो. मतदानाचा दिवस तर आठवड्यांनी दूर असतो.