बॅकवॉटरच्या बेटावर पाहुणे ठेवायचेत? आधी पाण्याची रेघ, मग पर्यटनाचा अर्ज

पुण्याजवळच्या पानशेत धरणाच्या मागच्या अंगाला पाण्यात घुसलेलं एक टेकाड आहे. त्यावर माझ्या मावशीची दीड एकर वरकस, म्हणजे हलकी जमीन, चार आंब्याची झाडं आणि एक कौलारू घर. धरण भरलं की टेकाडाला चारी बाजूंनी पाणी लागतं आणि पुण्याहून येणारी पोरं त्याला ‘आयलंड’ म्हणतात. मावशीला त्याचं हसू येतं. "कसलं बेट रे, मे महिन्यात आमच्या म्हशी पलीकडनं चालत येतात."

तिला तिथे दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढायच्या होत्या. कागदांची धावपळ माझ्याकडे आली. नोंदणी करताना जे कळलं ते इथे लिहितोय, कारण पवना, पानशेत, वरसगाव, भाटघर, उजनी अशा सगळ्याच धरणांच्या काठच्या लोकांकडून तोच प्रश्न येतो: अर्ज कुठे करायचा? माझ्या मते तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की खोली ज्या जमिनीवर उभी राहणार ती तुमची आहे का, आणि पाणी भरल्यावरही ती तुमचीच राहते का.

पाण्याची रेघ

धरणाला एक पूर्ण संचय पातळी असते, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेघ. त्या पातळीपर्यंतची जमीन, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या थोडी वरचीही, धरणासाठी संपादित झालेली असते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जो मऊ, काळा, सपाट काठ उघडा पडतो आणि तंबू लावायला ज्याच्यावर सगळ्यांची नजर असते, तो जलसंपदा विभागाचा. त्यातला काही भाग गाळपेर म्हणून हंगामापुरता कसायला मिळतो. पण गाळपेर म्हणजे पीक काढण्याची परवानगी. त्यावर खोली, शेड, सिमेंटचा ओटा यातलं काही चालत नाही. "आम्ही वीस वर्षं तिथे कांदा लावतोय" हा मालकीचा पुरावा होत नाही.

मुळशीचं प्रकरण आणखी वेगळं. ते धरण सरकारचं नाही, टाटांच्या वीज कंपनीचं. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो मुळशी सत्याग्रह सुरू झाला, तो याच संपादनाविरुद्ध. त्यामुळे मुळशीच्या काठावर हद्द बघताना जलसंपदा विभागाचा नकाशा पुरत नाही, कंपनीच्या संपादनाची हद्दही बघावी लागते.

आता हे तपासायचं कसं? सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत. तो काढा, पण क्षेत्र बघून खूश होऊ नका. ‘इतर हक्क’चा रकाना वाचा. तिथे संपादनाचा, पुनर्वसनाचा, वनाचा किंवा कुळाचा शेरा असेल तर पुढचं सगळं थांबतं. भोगवटादार वर्ग १ (मालकाला जमिनीचा व्यवहार मोकळेपणी करता येतो) की वर्ग २ (सरकारी अटी असतात) तेही बघा. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा वर्ग २ असतात आणि अशा जमिनीच्या व्यवहाराला किंवा वापर बदलायला वरच्या कार्यालयाची परवानगी लागते.

सातबाऱ्यावर रेघ दिसत नाही, ती मोजणीत दिसते. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा आणि मोजणी झाल्यावर हद्द दाखवणाऱ्या नकाशाची ‘क’ प्रत घ्या. आमच्या मोजणीला भूकरमापक आले तेव्हा मे महिना होता. पाणी खूप खाली गेलं होतं आणि चिखलात अर्धा बुडालेला एक हद्दीचा दगड उघडा पडला होता, वर शेवाळ वाळून पांढरं झालेलं. मावशीला वाटत होतं आपली हद्द त्याच्याही खाली, पार आंब्यापासून पन्नास पावलं. निघाली बारा पावलं. घर वाचलं, पण जिथे ती नवीन खोली बांधणार होती ती जागा सरकारी निघाली. ही मोजणी आधी झाली नसती तर पाया तिथेच खणला असता. म्हणून मोजणी उन्हाळ्यातच घ्या, पावसाळ्यात दगड पाण्याखाली असतो.

कोणती नोंदणी तुमच्यासाठी

दोन रस्ते आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात.

पहिला, कृषी पर्यटन केंद्र. राज्याचं कृषी पर्यटन धोरण सप्टेंबर २०२० मध्ये आलं. वैयक्तिक शेतकरी अर्ज करू शकतो, तशाच शेतकऱ्यांच्या कृषी सहकारी संस्था आणि कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रं, कृषी महाविद्यालयं, कृषी विद्यापीठंही. जमीन किमान १ एकर हवी. खोल्या जास्तीत जास्त ८. स्वयंपाकाची आणि जेवणाची सोय हवीच. पहिल्या नोंदणीला २,५०० रुपये, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला १,००० रुपये. नावातच शेती आहे हे विसरू नका. पाहणीला येणाऱ्या माणसाला शेत दिसलं पाहिजे, नुसतं लॉन आणि झोपाळा नाही. मावशीकडे नाचणी, वरई आणि परसात भाजी असते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. पण एका शेजाऱ्याने सगळं रान सपाट करून तिथे कारंजं बसवलं होतं. त्याला विचारलं गेलं की इथे शेतकरी काय पिकवतो? तो म्हणाला, फोटो.

दुसरा रस्ता निवास व न्याहरी. राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि मालकाने स्वतः तिथेच राहायचं. केंद्राच्या योजनेत १ ते ६ खोल्या, म्हणजे जास्तीत जास्त १२ खाटा, आणि सोयींप्रमाणे गोल्ड किंवा सिल्व्हर दर्जा. शेतजमीन एक एकराला कमी भरत असेल किंवा घर गावठाणात असेल तर हाच रस्ता बरा. मात्र मालक कोथरूडला आणि बेटावर फक्त राखणदार, असा प्रकार यात बसत नाही.

दोन्हींचा अर्ज पर्यटन संचालनालयाकडे, पुणे जिल्ह्यासाठी त्यांच्या पुण्यातल्या प्रादेशिक कार्यालयाकडे. कृषी पर्यटनाचं शुल्क शासनाच्या ‘ग्रास’ प्रणालीवर चलन काढून भरतात. चलनाची प्रत अर्जाला जोडा आणि एक घरी ठेवा. आमची एक प्रत फाइलमधून गायब झाली होती, घरची होती म्हणून निभावलं.

कागदपत्रं

आधार, पॅन, फोटो हे सांगायला नको. जमिनीचे कागद म्हणजे सातबारा आणि ८-अ. इथे हमखास घोटाळा होतो. ८-अ हा तलाठ्याकडचा, म्हणजे आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडचा, खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. नमुना ८ हा ग्रामपंचायतीचा, घराच्या आकारणीचा. दोन्ही वेगळे आणि घर दाखवायचं असेल तर दोन्ही लागतात. मी आधी दोनदा ८-अच नेला.

दुसरा घोटाळा नावाचा. सातबारा काकांच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या, नावावर होता आणि काका जाऊन सात वर्षं झालेली. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. अर्ज परत आला, आणि परत येणं बरोबरच होतं. वारस नोंदीचा फेरफार मंजूर व्हायला, त्यात मुंबईच्या दोन्ही मुलांच्या सह्या मिळवायला, आमचे साडेचार महिने गेले. खातं सामाईक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आधी करून ठेवा. भाऊबंदकीत एकजण रुसून बसलेला असतोच, त्याची मनधरणी अर्ज भरण्याआधी होऊ द्या.

वीजबिल जोडताना ते घरगुती जोडणीचं आहे ना ते पहा. कृषिपंपाच्या जोडणीवरून पाहुण्यांच्या खोलीतले पंखे आणि गीझर चालवणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खालचा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याचं बिल जबर येतं. 

जेवण देणार म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी. छोट्या उलाढालीला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, तिची फी वर्षाला १०० रुपये. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, करायची असेल तर ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-पाचशे मागणाऱ्या वेबसाइटी शोधात वरती दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, घराचे आणि शौचालयाचे फोटो हेही तयार ठेवा.

नवीन बांधकाम असेल तर पर्यटनाचं प्रमाणपत्र म्हणजे बांधकाम परवाना नव्हे, हे पक्कं लक्षात घ्या. मुळशी, मावळ, हवेली हे पूर्ण तालुके आणि राजगड म्हणजे जुन्या वेल्ह्याचा आणि भोरचा काही भाग पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत येतो. गावाचं नाव घेऊन आधी हद्द विचारा, मग गवंड्याला ॲडव्हान्स द्या. आम्ही शेवटी नवीन खोली बांधलीच नाही. जुन्या घराची पडवी बंद करून दोन खोल्या केल्या. पाहुण्यांना तीच जास्त आवडते, कारण भिंतीतल्या कोनाड्यात अजून रॉकेलची चिमणी ठेवलेली आहे.

पाणी आणि होडी

बेट म्हटलं की होडी आली, आणि इथेच लोक सगळ्यात निष्काळजी असतात. मासेमारीची होडी पाहुणे वाहायला वापरणं म्हणजे नुसता नियमभंग नाही. २१ मे २०२४ ला उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. रोजचाच मार्ग होता तो. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलवाहनांचा २०२१ चा कायदा लागू आहे: नोंदणी, तपासणी, विमा. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. शिवाय जलाशयात बोट चालवायची तर तो जलाशय ज्यांचा त्यांची परवानगी वेगळी. कयाक, झिपलाइन, दोरावरून उतरणं असलं काही ठेवणार असाल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली त्याची नोंदणी निराळी करावी लागते.

मावशीने होडीचा नाद सोडला. पाहुणे चालत येता येईल तेवढेच महिने घेते, दिवाळीनंतर पाणी जरा उतरलं की. धंदा कमी होतो, झोप लागते. माझं मत विचाराल तर दोन खोल्यांच्या घराने हेच करावं.

सांडपाण्याचं सांगायला हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही साखळी पुण्याचं पिण्याचं पाणी आहे. शौचालयाचा सेप्टिक टँक काठापासून लांब, संचय पातळीच्या वर हवा. पाहणीत हे बघतात, आणि नसतील बघत तरी ते पाणी शेवटी तुमच्या पाहुण्याच्याच सदाशिव पेठेतल्या नळाला येतं.

नोंदणी झाल्यावर

पाहुण्यांची वही ठेवा, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची माहिती ठरलेल्या फॉर्मवर ऑनलाइन भरायची असते, २०२५ पर्यंत त्याला फॉर्म सी म्हणत. रेंज नसलेल्या काठावर हे जमवायचं तर कुणीतरी मोबाइल घेऊन खिंडीपर्यंत चढायची तयारी ठेवावी.

मालकीण बाई असेल तर ‘आई’ हे महिला केंद्रित पर्यटन धोरण नक्की बघा, जून २०२३ चं. पर्यटन व्यवसायासाठी बँकेकडून घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो, ७ वर्षं किंवा एकूण साडेचार लाख होईपर्यंत, जे आधी होईल ते. व्यवसाय बाईच्या मालकीचा आणि तिनेच चालवलेला हवा, नुसतं नाव तिचं आणि गल्ला नवऱ्याकडे असा नको. हप्ते वेळेवर गेले पाहिजेत. आणि क्रम महत्त्वाचा: आधी संचालनालयाचं पात्रतापत्र, मग बँक. उलटं करून आलेली माणसं मी संचालनालयाच्या बाकड्यावर बसलेली पाहिली आहेत.

मावशीने कर्ज घेतलं नाही. तिने त्या बारा पावलांवर दगडांचा बांध घातला आणि त्याच्या आत लिंबाची रोपं लावली. पाहुणे विचारतात, खाली पाण्यापर्यंत खुर्च्या का नाही टाकत? ती बांधाकडे बोट दाखवते आणि म्हणते, "तिकडची सरकारची. चहा इकडंच प्या."