लालफीत: इंग्लंडच्या कोर्टांपासून बेळगावच्या कचेरीपर्यंत

काम अडले की आपण लालफितीच्या कारभाराला दोष देतो. हा वाक्प्रचार इंग्रजीतून आला, आणि मुळात ती फीत खरीच होती. सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये कायद्याची व सरकारी कागदपत्रे लालसर फितीने बांधत. एका प्रकरणाचे कागद एकत्र राहावेत, इतकाच हेतू. पण प्रत्येक टेबलावर गाठ सोडायची, शेरा मारायचा, पुन्हा बांधून पुढे पाठवायचे, यात महिने जाऊ लागले. 1850च्या सुमारास थॉमस कार्लाईल आणि चार्ल्स डिकन्स या लेखकांनी तिच्यावर कडाडून टीका केली. तिथले बॅरिस्टर आजही कागद गुलाबी फितीनेच बांधतात.

आपल्याकडे दप्तर इंग्रजांच्या आधीही होते. पेशवाईतले मोडी कागद कापडात गुंडाळून ठेवत. त्या गठ्ठ्याला म्हणत रुमाल. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, 1836 मध्ये बेळगाव धारवाडातून वेगळा जिल्हा झाला. खरा घाव बसला तो 1852च्या इनाम कमिशनच्या, म्हणजे इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या मंडळाच्या, कायद्याने. पिढ्यान्‌पिढ्या जमीन वहिवाटणाऱ्यांना सनद दाखवा असे फर्मान निघाले, आणि ज्यांना कागदाने हक्क सिद्ध करता आला नाही त्यांपैकी अनेकांची इनामे गेली. या मुलखात कागदाची धास्ती बसली ती तेव्हापासून, असे मला ठामपणे वाटते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले आणि पुढे कचेरीची भाषा कानडी झाली. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही छापणे हिताचे, असे केंद्राच्या 1956च्या निवेदनात नमूद आहे. खानापूर, निपाणी, बेळगावची मराठी माणसे मराठीत कागद मागतात ती याच आधारावर.

2000च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आणले. हे काम मोठे आणि चांगले झाले. तलाठ्याकडचे हेलपाटे कमी झाले, उतारा खिडकीवर मिळू लागला. तो कानडीत असतो. कानडी न येणाऱ्या शेतकऱ्याला क्षेत्र बरोबर नोंदले आहे का, सोसायटीच्या कर्जाचा बोजा उतरला का, हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला स्वतःचा उतारा वाचता येत नसेल, तर त्याच्यापुरती ती गाठ अजून सुटलेली नाही.