रास्ना (व्हँडा टेसेलॅटा)

(वांदा, बांदे, लॅ. व्हँडा टेसेलॅटा, कुल – ऑर्किडेसी). भारतीय उपखंडातील सखल व मध्यम उंचीच्या प्रदेशात झाडांवर वाढणारे, दिवसा सुवास देणाऱ्या फुलांचे ऑर्किड. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार येथे ते आढळते. दाट, ओलसर अरण्यापेक्षा विरळ पानझडी जंगल, आमराया आणि बांधावरची एकटी झाडे त्याला अधिक मानवतात. ही अपिवनस्पती आहे, म्हणजे आश्रयवृक्षावर ती केवळ टेकलेली असते. त्यातून अन्नरस घेत नाही. बांडगुळाशी तिची गल्लत मात्र फार जुनी आहे.

खोड साधारण ३०–६० सेंमी., एकाच शेंड्याने वाढत जाणारे. पाने दोन ओळींत, पट्ट्यासारखी, चिवट, मध्यशिरेवर दुमडल्याने पन्हळीसारखी. टोक तोडल्यासारखे व असमान दातांचे. मुळे जाड, पांढरट, भिजली की हिरवी होणारी. पानांच्या बगलेतून ५–१२ फुलांची मंजरी येते. फूल ४–५ सेंमी. रुंद असते. परिदले (फुलाच्या पाकळ्यांसारखी दले) बाहेरून पांढरी, आतून पिवळट हिरवी ते करडी निळसर असून त्यांवर तपकिरी रेघांची चौकटीदार जाळी असते. ओष्ठाचा (ओठासारख्या वेगळ्या पाकळीचा) मधला खंड जांभळा, बाजूचे खंड पांढरे, शुंडिका (ओष्ठामागची नळी) आखूड. रंगात झाडागणिक इतका फरक पडतो की केवळ रंगावरून वेगळ्या जाती कल्पिण्याचा मोह पूर्वीच्या संग्राहकांनाही आवरला नव्हता.

फुलाशिवाय ओळख पटवणे अवघड आहे आणि घोटाळे होतात ते नेमके तेव्हाच. ॲकॅम्पे प्रेमॉर्सा या जातीची मुळे जवळपास अशीच दिसतात, पण तिची पाने अधिक जाड व ताठ आणि फुले जेमतेम सेंटीमीटरभर, पिवळी, तपकिरी पट्ट्यांची असतात. व्हँडा टेस्टॅसिया सर्वांगाने लहान, फुले पिवळी. सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा) हिची पाने रुंद असून त्यांवर फिकट उभ्या रेघा दिसतात. तिची दाट, लोंबती मंजरी एकदा पाहिली की शंका उरत नाही. कोरड्या फळावरून निर्णय घेऊ नये; फुलाच्या ओष्ठावरून घ्यावा.

नामकरण : वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी आपल्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतिग्रंथात १७९५ च्या सुमारास तिचे एपिडेंड्रम टेसेलॅटम या नावाने वर्णन केले. त्याच वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात विल्यम जोन्स यांचे भारतीय वनस्पतींवरील टिपण त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले, व्हँडा हे प्रजातिनाम तेथून आले. ही वनस्पती माती नसलेल्या कुंडीतही जगते, असे जोन्स यांनी त्यात नोंदवले आहे. घरगुती जोपासनेसंबंधीच्या आरंभीच्या लिखित उल्लेखांत ते गणायला हरकत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये दिलेले व्हँडा रॉक्सबर्गाय हे नाव एकोणिसाव्या शतकभर रुळले. आयुर्वेदीय ग्रंथांत आणि काही रोपवाटिकांत ते अजून वापरात असले, तरी जातिविशेषण (नावातील दुसरा शब्द, येथे टेसेलॅटा) रॉक्सबर्ग यांचेच जुने असल्याने व्हँडा टेसेलॅटा हेच नाव आता ग्राह्य मानतात.

रास्नेचा वाद : चरकसंहितेत वातहर द्रव्यांत रास्ना श्रेष्ठ म्हटली आहे, पण ती कोणती, यावर एकमत नाही. बंगालमध्ये प्रस्तुत ऑर्किडची मुळे रास्ना म्हणून वापरतात. केरळात कुलिंजन व त्याच्या जवळच्या जातींचे (अल्पिनिया) मूलक्षोड (जमिनीखालील आडवे खोड) घेतात. उत्तर भारतात प्लुचिया लॅन्सिओलाटा या सूर्यफूल कुलातील क्षुपाची पाने चालतात. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशाने हीच वनस्पती स्वीकारली आहे. शिवाय ॲकॅम्पेची मुळेही याच नावाने विकली जातात.

ऑर्किडच्या बाजूने मुख्य आधार प्रादेशिक परंपरेचा आहे. विरोधी मुद्दे अधिक वजनदार वाटतात. भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात रास्नेला ‘सुगंधा’ आणि ‘एलापर्णी’ असे पर्याय दिले आहेत. या ऑर्किडचे फूल सुगंधी असले, तरी औषधात वापरले जाणारे मूळ तसे नाही. आणि एलापर्णी, म्हणजे वेलदोड्यासारखे पान, हे वर्णन अल्पिनियाला जितके लागू पडते तितके या पन्हळी पानांना पडत नाही. शिवाय ‘वंदा’ किंवा ‘वृक्षादनी’ हे झाडावर वाढणारे द्रव्य निघंटूंत (औषधी द्रव्यांच्या कोशांत) स्वतंत्रपणे सांगितले आहे. रास्ना झाडावर वाढणारी असती, तर इतके ठळक लक्षण एकाही प्रसिद्ध पर्यायात उतरू नये हे चमत्कारिक ठरते. ऑर्किडचा वापर स्थानिक पर्याय म्हणून, बहुधा उत्तरकाळात, सुरू झाला असावा असे मानणे सयुक्तिक दिसते. प्लुचियाच्या बाजूनेही संहितांतील वर्णन निर्णायक आहे असे मात्र नाही. सुके द्रव्य हाती असेल तर प्रश्न सोपा होतो. ऑर्किडच्या मुळाच्या आडव्या छेदात बाहेरून मृत कोशिकांच्या थरांचे आवरण दिसते. अल्पिनियाचे मूलक्षोड स्टार्चने भरलेले, तिखट वासाचे व कड्यांसारख्या वणांचे असते. प्लुचियाची तर पानेच असतात. या आवरणावरून ऑर्किड कुल कळते, जात नव्हे. ॲकॅम्पेची भेसळ त्यामुळे या तपासणीत ओळखू येत नाही.

गंध : सुवास गोड असून काहींना द्राक्षासारखा वाटतो. तो उन्हे वर आल्यावर वाढतो व संध्याकाळी जवळजवळ नाहीसा होतो. या जातीपासून झालेल्या ‘मिमी पामर’ या संकराच्या गंधाचे मलेशियात विश्लेषण झाले असून त्यात लिनॅलूल, ऑसिमीन यांसारखी टर्पिनॉइडे आणि मिथिल बेंझोएटसारखी बेंझिनॉइडे ही सुवासिक रसायने आढळली. हा गंध रास्नेकडूनच आला असे मानतात. फुले उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्यापर्यंत येतात.

लागवड : घरी वाढवताना सारा विचार मुळांचा करावा लागतो. बाह्य आवरण पाणी झटकन शोषून घेते, पण ते पुन्हा सुकले नाही तर मूळ कुजते. म्हणून मातीची कुंडी वर्ज्य; लाकडी पट्ट्यांची टोपली, तीत कोळशाचे व विटांचे मोठे तुकडे, किंवा नुसता सालीसकट ओंडका पुरतो. नारळाची सोडणे वापरतात, पण पावसाळ्यात ती ओल धरून ठेवतात. सकाळचे थेट ऊन व दुपारी विरळ सावली योग्य. पाने गर्द हिरवी व लांबट झाली तर प्रकाश कमी, पिवळट किंवा लालसर झाली तर जास्त. पाणी सकाळी, मुळे हिरवी होईपर्यंत द्यावे. उन्हाळ्यात रोज, थंडीत बरेच कमी. शक्य तेथे पावसाचे साठवलेले पाणी वापरावे, कारण क्षारयुक्त पाण्याने मुळांची टोके करपतात. मुळांची टोके हिरवी व वाढती असतानाच खत द्यावे आणि तेही फार पातळ करून.

मूळ अधिवासात ती पावसात भिजतेच, मग घरी छपराखाली का घ्यावी, असे विचारले जाते. झाडावर ती बहुधा तिरकी असते व वारा मोकळा असतो. टोपलीत सरळ उभी राहिल्याने शेंड्याच्या बेचक्यात पाणी साचते आणि शेंडा कुजतो. एकच वाढता शेंडा असल्याने ही हानी मोठी. अशा वेळी खालच्या भागातून कधी कधी पिलू फुटते; त्याला दोनतीन चांगली मुळे आल्यावर ते वेगळे करता येते. टोपली बदलताना मुळे आधी भिजवून मऊ करावीत. कोरडी मुळे मोडतात. खवले कीड व गोगलगायी यांचा उपद्रव नेहमीचा.

बियांपासून वाढ घरी साधत नाही. बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात रुजण्यासाठी त्याला विशिष्ट कवकाची (बुरशीची) साथ लागते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांच्या १८९९ पासूनच्या कामातून पुढे आले. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त माध्यमावर कवकाविना ऑर्किडचे बी रुजवून दाखवले आणि आजची प्रयोगशाळेतील रोपे त्याच पद्धतीची वंशज आहेत. ती फुलावर येण्यास काही वर्षे लागतात. रोपवाटिकेतून अशीच रोपे घ्यावीत. मुळांच्या औषधी व्यापारामुळे रानातील झाडे आधीच ओरबाडली जातात, आणि संपूर्ण ऑर्किड कुल ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे. प्रस्तुत जाती परिशिष्ट २ मध्ये येते.