पदर उलटून बघा

पैठणी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग काठ, मग किंमत. आमचं म्हणणं एवढंच, की त्याआधी पदर उलटा करून बघा.

हातमागावर मोर किंवा आसावली (फुलवेलीची नक्षी) भरताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ताण्याचे (उभे) धागे मोजतो, हवा तेवढाच रंग भरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून कांडी मागे फिरवतो. जिथं हिरवा संपतो तिथं लाल त्याच्यात गुंतलेला असतो. म्हणून मोर दोन्ही अंगांनी जवळपास सारखाच दिसतो. यंत्रमागाच्या नक्षीत धागे पाठीमागून मोकळे धावतात आणि नंतर कातरले जातात. त्यांची लव बोटाला लागली की ओळखायचं. आम्ही सेमी पैठणीही ठेवतो; फक्त तिला हातमागाची म्हणत नाही.

भरगच्च पदर दिवसभर बसूनही काही बोटंच पुढे सरकतो. त्यामुळे ‘पंधरा दिवसांत हवी’ म्हणालात, तर नाइलाजानं नाही म्हणावं लागतं. कडियल काठ, म्हणजे अंगापेक्षा वेगळ्या रंगाचा आणि उभे-आडवे धागे एकाच रंगाचे असलेला, हवा असेल तर आणखी थांबा: काठाचे दोन आणि अंगाचा एक, असे तीन धोटे चालवावे लागतात.

येवल्यात मागावर बसलेला माणूस दिसतो, पण कांड्या भरण्यापासून बरंच काम घरातल्या बायकांच्या हातचं. २०१९-२०च्या गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार नोंदले गेले, त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया.

शिक्क्यांबद्दल थोडं. २००६मध्ये आलेलं हँडलूम मार्क माग कोणता ते सांगतं, सिल्क मार्क रेशीम खरं की नाही ते. एकावरून दुसरं गृहीत धरू नका. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

काठालगत टाचणीएवढी भोकं दिसली तर घाबरू नका; विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीची ती खूण. तुटलेला ताणा तसाच सुटला असेल, तर मात्र तो दोषच. साडी परत आणा, बदलून देऊ.

धुवायची झाल्यास ड्रायक्लीनच. अत्तर जरीवर मारू नका. हँगरला न लटकवता मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला. एकाच घडीवर राहिली की जरीची तार तिथंच तुटते.