नाण्यांचा शत्रू शोकेसच्या आतच

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि हवाही कोरडी असते. म्हणून गंज ही कोकणातल्यांची डोकेदुखी, असं इथल्या अनेक संग्राहकांना वाटतं. पण उष्णता रासायनिक क्रियेला वेग देते आणि नाणं खाणारी रसायनं बहुतेकदा आपणच त्याच्या शेजारी ठेवतो.

बाजारातला मऊ, पारदर्शक अल्बम उघडून वास घ्या. उग्र वास आला तर तो पीव्हीसी या प्लास्टिकचा असण्याची शक्यता मोठी. त्याला मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ झिरपतो, शिवाय विघटन होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. मग शिवराईवर किंवा १९४३च्या भोकाच्या पैशावर हिरवट, बोटाला चिकटणारा थर दिसू लागतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत हा धोका नाही. प्लायवुड आणि एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांच्या शोकेसमधूनही आम्लाच्या वाफा निघत राहतात. बंद काचेमागे त्या साठतात.

चांदीची गोष्ट वेगळी. राणीछाप रुपयात ९१.७ टक्के चांदी असते. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी तिचा संयोग होऊन चांदीचं सल्फाइड बनतं. हा थर अतिशय पातळ असतो तेव्हा त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. म्हणून नाणं आधी सोनेरी, मग जांभळं-निळं दिसतं, पावसाच्या पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखं. थर जाड झाला की काळं. ही रंगछटा मला तरी घासून काढावीशी वाटत नाही. लोकरीचं कापड आणि रबर गंधक सोडतात, तेव्हा नाण्यांखाली धुतलेलं, न रंगवलेलं सुती कापड अंथरा. चादरींच्या या शहरात ते सहज मिळतं. मात्र रंगीत तुकडा टाळा, कारण सुतासाठी गंधकी रंगही वापरतात.

सगळ्यात मोठं नुकसान करते ती नाणं उजळवायला चोळलेली चिंच आणि मीठ. चिंचेचं आम्ल तांब्यावरचा जुना, संरक्षक थर विरघळवतं, मिठातलं क्लोराइड बारीक छिद्रांत शिरून बसतं. सप्टेंबरच्या पावसात ओल मिळाली की फिकट हिरवी भुकटी उगवते, त्या क्रियेत पुन्हा आम्ल तयार होतं आणि चक्र चालूच राहतं. असं नाणं लगेच वेगळं काढा.

शोकेस पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका, आत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाणं कडेनेच धरा. पीव्हीसीचा चिकट थर आधीच आला असेल तर तो शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवल्यास निघतो, पण खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवूनच. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चालणार नाही. त्यात तेल आणि सुगंधी द्रव्यं मिसळलेली असतात.