सुयांनी ताणाचं पोट कायमचं बरं होतं?

‘अॅक्युपंक्चरच्या सुया टोचल्या की ताणामुळे बिघडलेलं पोट कायमचं बरं होतं, औषधं बंद करा,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे.

त्यातला पाया खरा आहे. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली असतात, त्यामुळे ताण आला की मुरडा, जुलाब, मळमळ होते. सुया टोचल्यावर अनेकांना बरं वाटतं, तेही खरंच. प्रश्न एवढाच की ते सुईमुळे का?

हे तपासायला खोट्या सुया वापरतात. टोक बोथट, दाबली की सुई स्वतःच्याच दांड्यात सरकते. त्वचेत शिरत नाही, पण रुग्णाला टोचल्यासारखं वाटतं. आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकारावरच्या, म्हणजे आयबीएसवरच्या, अशा चाचण्यांचा 2012 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. खऱ्या सुया खोट्या उपचारापेक्षा सरस ठरल्या नाहीत. शिवाय हा त्रास मुळातच कमी-जास्त होत राहतो. माणूस उपचाराला जातो तो बहुधा त्रास टोकाला गेल्यावर, आणि उतार पडला की श्रेय सुईला मिळतं.

म्हणून दावा वाचताना आधी पाहा: तुलना खोट्या सुयांशी केली होती का? निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांनी कुणाला आराम पडत असेल तर हरकत नाही, मात्र चालू औषधं परस्पर बंद करू नका. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा झोपमोड करणारी पोटदुखी असेल, तर ताणाला दोष देत न बसता डॉक्टरांना दाखवा.