बियांतले तेल, तेलातले आम्ल: अखाद्य तेलांच्या बायोडिझेलची पार्श्वभूमी

करंज, उंडी, कडुलिंब, मोगली एरंड, रबराच्या बिया. यांची तेले इंधन म्हणून नवी नाहीत. खनिज तेल येण्याआधी ती दिव्यात जळत होती आणि साबणाच्या कढईत शिजत होती. मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो आफ्रिका आणि आशियात नेला. केप व्हर्दे बेटांवरून त्याच्या बिया जहाजांनी लिस्बनला जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल पसरले आणि या बियांचा इंधन म्हणून असलेला बाजार बसला. झाडे कुंपणात आणि बांधावर राहिली.

बायोडिझेलचा इतिहास बहुतेक ठिकाणी 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनापासून सांगतात, आणि तिथेच एक चूक रूढ झाली आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन शेंगदाणा तेलासाठी बनवले नव्हते. फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून ओटो कंपनीने त्या प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले, असे डिझेल यांनीच पुढे 1912 साली नोंदवले. आफ्रिकेतल्या वसाहतींना आपले इंधन जागच्या जागी मिळावे, हा त्यामागचा विचार. इंजिन त्या तेलावर चालले, हे खरे. पण ते बायोडिझेल नव्हते, नुसते तेल होते.

नुसते तेल इंजिनात का टिकत नाही, हे कळल्याशिवाय पुढचे काहीच उलगडत नाही. 40 अंश सेल्सिअसला डिझेलची विष्यंदिता (दाटपणाचे माप) साधारण 2 ते 4 सेंटिस्टोक असते, बहुतेक वनस्पती तेलांची 30 ते 40. इतके दाट तेल इंजेक्टरमधून बारीक तुषारांत फुटत नाही. मोठे थेंब अर्धवट जळतात, इंजेक्टरच्या तोंडाशी कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, आणि न जळलेले तेल खाली उतरून वंगण घट्ट करते. शेतातले इंजिन तासभर कच्च्या तेलावर चालवून दाखवणे मुळीच अवघड नाही. बिघाड काही शे तासांनी दिसतो, म्हणूनच फसगत होते.

उपायाची रसायनक्रिया डिझेल इंजिनापेक्षाही जुनी आहे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन मेदाम्लांच्या साखळ्या. अल्कोहोल आणि उत्प्रेरक मिळाले की साखळ्या सुटून अल्कोहोलला जोडल्या जातात आणि ग्लिसरीन मोकळे होते. या नव्या जोडीला एस्टर म्हणतात, आणि बायोडिझेल म्हणजे हेच एस्टर. 1853 साली पॅट्रिक डफी यांनी ही अदलाबदल नोंदवली, तेव्हा इंधनाचा प्रश्नच नव्हता. ती इंधनाला प्रथम लावली बेल्जियममध्ये. ब्रुसेल्स विद्यापीठाच्या जी. शाव्हान यांना 31 ऑगस्ट 1937 रोजी तसे पेटंट मिळाले आणि 1938 च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स ते लुव्हें मार्गावर पामतेलाच्या इथिल एस्टरवर प्रवासी बस धावली. आजच्या अर्थाने बायोडिझेलवर चाललेले पहिले नोंदलेले वाहन ते हेच. त्याच सुमारास चीनने वेगळी वाट धरली. युद्धामुळे पेट्रोल बंद झाले, तेव्हा तुंग झाडाच्या अखाद्य तेलाचा चुन्याशी साबण करून तो तापवून फोडायचा आणि निघालेल्या वाफा थंड करून इंधन गोळा करायचे. युद्ध संपले, स्वस्त खनिज तेल परतले आणि दोन्ही वाटा बुजल्या.

1973 च्या तेलसंकटाने त्या पुन्हा उकरल्या. दक्षिण आफ्रिकेत सूर्यफुलाच्या एस्टरवर ट्रॅक्टर चालले, 1980 साली ब्राझीलमध्ये एक्सपेडिटो पारेन्ते यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1982 मध्ये अमेरिकेत फार्गो येथे वनस्पती तेलांच्या इंधनावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि 1991 मध्ये ऑस्ट्रियाने मोहरीवर्गीय रेपसीड तेलाच्या एस्टरसाठी पहिले प्रमाणक काढले. या सगळ्या कामाचे कच्चे तेल मात्र खाद्य होते: ताजे, शुद्ध केलेले, जवळजवळ आम्लरहित. आज पुस्तकांत छापलेली कृती त्याच तेलांची आहे. 100 किलो तेलाला साधारण 22 किलो मिथेनॉल, म्हणजे तेलाच्या एका रेणूला मिथेनॉलचे सहा रेणू, गरजेच्या दुप्पट. त्यात एक किलोच्या आसपास कॉस्टिक पोटॅश, हा अल्कली उत्प्रेरक, आधी पूर्ण विरघळवायचे, 60 अंशांवर तासभर ढवळायचे आणि स्थिर ठेवायचे. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळते, म्हणून त्याहून वर जायचे नाही. साधारण 10 किलो ग्लिसरीन, सोबत बरेचसे उरलेले मिथेनॉल घेऊन, तळाशी बसते. वर राहते ते बायोडिझेल, 4 ते 5 सेंटिस्टोकचे.

हीच कृती साठवणीतल्या अखाद्य बियांच्या तेलावर केली की भांड्यात साबण होतो. कारण बीतच आहे. बी ओली राहिली, फुटली किंवा पावसाळाभर पोत्यात पडून राहिली की तिच्यातली विकरे (एन्झाइम) तेल तोडू लागतात आणि मुक्त मेदाम्ले सुटतात. शेतात पिकणारे तेलबी एका हंगामात कापून थेट गिरणीत जाते. जंगलातली आणि बांधावरची बी मुठीमुठीने गोळा होते आणि महिनोन् महिने प्रवास करते. म्हणून रबराच्या बियांच्या तेलात 17 टक्के, मोहाच्या तेलात 19 टक्के, जट्रोफाच्या जुन्या तेलात 14 टक्क्यांपर्यंत मुक्त आम्ल सापडले आहे. ताज्या बीचे तेल याहून कितीतरी बरे असते.

हिशेब करून पाहावा. 100 किलो तेलात 10 किलो मुक्त आम्ल असेल तर ते एकटेच 2 किलो पोटॅश खाते आणि 11 किलोंहून जास्त साबण बनवते. तो साबण बायोडिझेल आणि ग्लिसरीन यांना वेगळे होऊ देत नाही, धुताना पाण्याशी घट्ट दुधी लगदा होतो, आणि जे गमावले ते इंधन होऊ शकणारे तेलच असते. पोटॅश आणखी वाढवून काम निभावेल असे वाटणे ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. आम्ल एक टक्क्याच्या आत, म्हणजे आम्लांक (एक ग्रॅम तेलातले आम्ल शमवायला लागणारे पोटॅश, मिलिग्रॅममध्ये) 2 च्या आसपास किंवा कमी, तरच एका टप्प्याची कृती धरावी.

तोडगा निघाला तो खानावळींच्या वाया गेलेल्या चरबीवर काम करताना. अमेरिकेत कनाक्ची आणि व्हॅन गर्पेन यांनी 2001 मध्ये दोन टप्प्यांची पद्धत मांडली: आधी सल्फ्युरिक आम्ल वापरून मुक्त मेदाम्लांचेच एस्टर करायचे, मग अल्कलीने उरलेले तेल बदलायचे. भारतात ती लगेच बियांच्या तेलांना लावली गेली. 2005 मध्ये कालिकतच्या एनआयटीतून रबराच्या बियांवरचे आणि खरगपूरच्या आयआयटीतून मोहावरचे काम प्रसिद्ध झाले. मोहाच्या तेलाला आम्लाचा टप्पा दोनदा द्यावा लागला, आणि का, हे समजून घेण्यासारखे आहे. आम्ल आणि मिथेनॉल जुळताना पाणी सुटते आणि ते पाणीच क्रिया अडवते. ढवळत राहून काही होत नाही. थांबायचे, निवळू द्यायचे, वर आलेला मिथेनॉल-पाण्याचा थर काढायचा आणि कोरडे मिथेनॉल घेऊन पुन्हा सुरुवात करायची.

प्रमाण तेलावर नव्हे, मुक्त आम्लावर काढतात: दर किलो मुक्त आम्लाला 2.25 किलो मिथेनॉल आणि 50 ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल. वरच्या उदाहरणातल्या 10 किलोंना साडेबावीस किलो मिथेनॉल आणि अर्धा किलो आम्ल, 60 अंशांवर तासभर. हे मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवले नाही तर खर्च कधीच जुळत नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, त्यामुळे उघड्या भांड्यात हे काम करू नये.

प्रत्येक बीचे आणखी आपले दुखणे असते. उंडीचे तेल हिरवट आणि राळेने भरलेले, ते आधी फॉस्फोरिक आम्लाने साफ करावे लागते. कडुलिंबाच्या तेलात गंधकाची संयुगे. एरंडेलात तर साखळीवरच हायड्रॉक्सिल गट असल्याने त्याचे एस्टरही दाटच राहते आणि विष्यंदितेच्या मर्यादेत एकटे बसत नाही. ब्राझीलने डिसेंबर 2004 मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोरड्या ईशान्येतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या एरंडावर मोठी भिस्त ठेवली होती. कारखान्यांत गेले ते मुख्यतः सोयाबीन तेल.

जट्रोफाची लाट याच वर्षांतली. खाद्यतेल आयात करणाऱ्या भारताला अखाद्य तेलाशिवाय वाट नव्हती. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी 1 कोटी 12 लाख हेक्टरांवर लागवड सुचवली. हेक्टरी 3.75 टन बी धरली होती. 2007 मध्ये ब्रिटिश तेलकंपनी बीपी आणि जट्रोफाची लागवड करणारी डी1 ऑइल्स यांनी भागीदारी केली. 30 डिसेंबर 2008 रोजी एअर न्यूझीलंडच्या बोइंग 747 चे एक इंजिन जट्रोफापासून केलेल्या, निम्म्या मिश्रणाच्या इंधनावर उडाले. ते इंधन मात्र हायड्रोजनच्या प्रक्रियेने केलेले होते, एस्टर नव्हे. 2009 मध्ये बीपी भागीदारीतून बाहेर पडली.

झाड पडीक जमिनीवर जगते, ही गोष्ट खरी होती. पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. पाणी आणि खत न मिळालेल्या अनेक लागवडींनी अपेक्षेच्या निम्मेही बी दिले नाही. बियाणे निवडलेले नव्हते, फळे एकदम पिकत नसल्याने वेचणी हातानेच आणि पुन्हा पुन्हा, आणि पेंडेत फॉर्बोल एस्टर हे विष असल्याने ती गुरांना घालता येत नाही, फक्त खत होते. खाद्य तेलबियांचा हिशेब पेंडेच्या पैशावर बराच तरतो, तो आधार इथे नाही.

2018 च्या भारतीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट आहे. त्यात अखाद्य बियांबरोबर वापरलेले खाद्यतेलही कच्चा माल म्हणून आले. त्या तेलातही मुक्त आम्ल असते आणि तेही त्याच दोन टप्प्यांतून जाते. बियांच्या बाबतीत मात्र आम्लाचा टप्पा टाळणे अजूनही हातात आहे: फळे पडताच गोळा करणे, 7-8 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे, फुटकी बी वेगळी काढणे आणि साठा न करता घाण्यावर नेणे.